विरजण

आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दह्याच्या भांड्यामागे, एक पांढरा डबा असतो. त्यात दोन इंजेक्शनं. एक येत्या पंधरवड्याचं, एक त्याच्या पुढचं. घरी कुणी आलं आणि ताक करायला म्हणून दही काढू लागलं, की मी जिथे असेन तिथून सांगते, त्या डब्याला धक्का लावू नका. दोन ते आठ अंशांतच ते राहिलं पाहिजे. फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही, बर्फाच्या कप्प्याजवळ सरकवायचं नाही. २०१६ पासून हे चाललं आहे. इतक्या वर्षांत त्या डब्यात तीन वेगवेगळ्या कंपन्यांची खोकी येऊन गेली. आतल्या औषधाचं नाव तेच राहिलं, अॅडालिमुमॅब.

मला क्रोन्स आहे. शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते, तिथे सूज येते, व्रण पडतात, आतडं जागोजागी आवळत जातं. २०१३ च्या पावसाळ्यात पोटदुखी सुरू झाली तेव्हा हे नावही मी ऐकलं नव्हतं. चार महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांचं होतं तेच माझं झालं: आतड्याचा टीबी असावा म्हणून एकेटी, म्हणजे टीबीवरच्या गोळ्या, सुरू केलं. त्यात डॉक्टरांची चूक नव्हती. टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीखाली इतके सारखे दिसतात की आपल्या देशात मुरलेल्या डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. गोळ्या घेऊनही व्रण भरले नाहीत, तेव्हा निदान बदललं. मग स्टिरॉइड, मग अॅझाथायोप्रिन, आणि त्यानंही भागेना तेव्हा डॉक्टर म्हणाले, 'आता बायोलॉजिककडे जाऊ.' बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं औषध; माझ्यासाठी ते अॅडालिमुमॅब.

पहिल्यांदा किंमत ऐकली तेव्हा आम्ही दोघं दवाखान्याबाहेरच्या बाकावर बराच वेळ काही न बोलता बसलो. तरी ही किंमत पुष्कळ उतरलेली होती. डिसेंबर २०१४ मध्ये झायडसनं 'एक्झेम्प्टिया' नावानं जगातलं पहिलं अॅडालिमुमॅबचं बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध) भारतात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण पाचव्या हिश्शात. त्यामागून इतर भारतीय कंपन्या आल्या. त्या आल्या नसत्या तर माझ्यासारखीला हे औषध मिळालंच नसतं. म्हणून बायोसिमिलर या शब्दाबद्दल माझ्या मनात आधी कृतज्ञता आहे. पुढे जे लिहिते आहे ते ती बाजूला ठेवून लिहीत नाही.

बायोसिमिलर म्हणजे काय, हे मला दह्यावरून कळलं.

साधी गोळी रसायनाची असते. अॅस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू. ते कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही देशात जोडले तरी अॅस्पिरिनच तयार होतं, मीठ जसं कुठलंही असलं तरी मीठच. हे इंजेक्शन तसं नाही. हे एक प्रथिन आहे, त्यात सुमारे वीस हजार अणू, आणि ते माणूस जोडत नाही, जिवंत पेशी बनवतात. अॅडालिमुमॅबसाठी चिनी हॅमस्टरच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. पेशींना काय खायला मिळालं, किती उष्णतेत त्या वाढल्या, किती दिवस ठेवल्या, याचा औषधावर बारीकसा परिणाम होतो. प्रथिनाची मूळ साखळी तीच राहते, ती तीच असावी लागते. पण तिच्यावर पेशी ज्या साखरेच्या फांद्या चढवतात त्यांत थोडं कमीजास्त होतं.

आईनं मला लग्नानंतर विरजण दिलं होतं, वाटीभर. दूध आमच्या गवळ्याचं, भांडं आमचं, विरजण तिचं. दही लागलं, चांगलं लागलं, पण आईकडचं ते आईकडचंच. तिला सांगितलं तर म्हणाली, 'अगं, माझंही रोज कुठं सारखं लागतंय? थंडीत वेगळं, उन्हाळ्यात वेगळं.' हे वाक्य पुढे अनेक वर्षांनी माझ्या कामाला आलं. कारण मूळ औषधाबद्दल माझ्या मनात एक समजूत होती, की परदेशात कुठेतरी ते अस्सल, न बदलणारं औषध आहे आणि आम्ही त्याच्या नकलांवर जगतो आहोत. वाचायला लागले तेव्हा कळलं, क्रोन्सवरच्याच दुसऱ्या एका बायोलॉजिकच्या, मूळ इन्फ्लिक्सिमॅबच्या, म्हणजे १९९८ साली अमेरिकेत क्रोन्ससाठी मान्यता मिळालेल्या रेमिकेडच्या निर्मितीप्रक्रियेत बाजारात आल्यापासून तीसहून अधिक वेळा बदल झाले. दर बदलानंतर आधीच्या आणि नंतरच्या औषधाची तुलना केली गेली, फरक ठरलेल्या मर्यादेत आहे हे दाखवावं लागलं. ज्या पेशंटनी ते पंधरा-वीस वर्षं घेतलं त्यांनी स्वतःला न कळता किती विरजणं बदलली असतील! बायोसिमिलरची परीक्षा त्याच जातीची, फक्त घर दुसरं. आपल्याकडे या परीक्षेची नियमावली २०१२ साली आली, २०१६ साली सुधारली.

आता पुराचं सांगते.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत गेली. आम्ही गावभागात राहायचो. पाणी दारात आलं तेव्हा हाताला लागलं ते घेऊन निघालो आणि विश्रामबागला नणंदेकडे गेलो. औषधाचा डबा मी बरोबर घेतला होता, थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून. पण दोन दिवसांत बर्फ संपला, वीज नव्हती, आणि पेटीतलं पाणी कोमट झालं. तो डोस टाकून द्यावा लागला. ७ तारखेला घ्यायचं इंजेक्शन. रस्ते बंद, पुण्याहून काही येत नव्हतं. १७ तारखेला आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्या काकांचा फोन आला, 'ताई, एक मिळालंय बघा.'

मी गेले तर खोकं वेगळं. मी तसंच म्हटलं. काका पुराच्या चिखलात गुडघ्यापर्यंत पँट वर करून उभे होते, अर्धं दुकान वाहून गेलेलं. म्हणाले, 'औषध तेच आहे ताई, कंपनी तेवढी वेगळी. घ्या, आधीच दहा दिवस उशीर झालाय.'

त्यांच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. त्या आठवड्यात त्यांनी ते मिळवलं कसं, हेच मला कळत नाही. मी पैसे दिले आणि नणंदेच्या घरी येऊन पोटावर टोचून घेतलं.

आणि दुखलं नाही.

आधीचं इंजेक्शन आत जाताना दहा-पंधरा सेकंद आग व्हायची. तीन वर्षं मी त्या आगीला सरावले होते. इतकंच नव्हे, ती आग म्हणजेच औषध, अशी माझ्या मनानं गाठ बांधली होती. हे नवीन इंजेक्शन पाण्यासारखं गेलं. मी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि मनात पहिला विचार आला: यात औषधच नाही. (पुढे कळलं की ती आग बऱ्याचदा सायट्रेट नावाच्या घटकामुळे होते, तो औषध स्थिर ठेवण्यासाठी घालतात. मूळ कंपनीनं, ह्युमिराच्या कंपनीनं, स्वतःच पुढे सायट्रेट काढून टाकलं आणि ४० मिलिग्रॅमचं औषध ०.८ ऐवजी ०.४ मिलिलिटरमध्ये बसवलं. आगीचा आणि गुणाचा संबंध नव्हता. पण त्या दिवशी मला हे कोण सांगणार होतं?)

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोट दुखायला लागलं. उजव्या बाजूला, खाली, ओळखीच्या जागी. दिवसातून सहा-सात वेळा संडासला जावं लागायचं. रात्री उठवणारी कळ. मी सगळ्यांना सांगत सुटले, त्या दुसऱ्या कंपनीच्या इंजेक्शननं हे झालं. नणंदेला, आईला, शाळेतल्या सहकाऱ्यांना. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते पटलं, कारण गोष्ट सरळ होती: कंपनी बदलली, दुखणं उलटलं.

पुण्याला गेले. मुख्य डॉक्टरांच्या आधी एका तरुण डॉक्टरांनी तपासलं आणि हसून म्हणाले, 'मनाचे खेळ असतात मॅडम, कंपनी बदलली की सगळ्यांनाच असं वाटतं.' मला रडू आलं. सहा वेळा संडासला जाणं मनातून होत नाही. नोसिबो नावाची गोष्ट असते हे मी नंतर वाचलं: औषधानं अपाय होईल असं मनानं धरलं की खरोखर त्रास होतो, खरी कळ येते. बायोसिमिलरवर नेलेल्या पेशंटमध्ये ते पुष्कळ दिसलं आहे. ज्या अभ्यासांत पेशंटला बदल झाल्याचं ठाऊक असतं त्यांत औषध सोडणारे जास्त निघतात, ज्यांत ठाऊक नसतं त्यांत कमी. हे मला मान्य आहे. माझ्या बाबतीत त्यातला काही भाग तोच असेल, त्या न झालेल्या आगीपासून सुरू झालेला. पण म्हणून पेशंटला 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवायचं नसतं. उलट, नोसिबो मानायचा असेल तर पेशंटशी बोलणं हा उपचाराचाच भाग ठरतो. डोस देताना जसं तापमान बघतात तसं तेही बघायला हवं.

मोठ्या डॉक्टरांनी वेगळं केलं. त्यांनी मला दोष दिला नाही आणि नव्या कंपनीलाही दिला नाही. एका कोऱ्या कागदावर त्यांनी उभी रेघ मारली आणि विचारलं, 'त्या महिन्यात काय काय बदललं, सांगा.' मी म्हटलं, कंपनी. 'आणखी?' मग आठवत गेले. डोस दहा दिवस उशिरा. कित्येक दिवस दुसऱ्याच्या घरी, मिळेल ते खाणं. पुराचं पाणी, टँकरचं पाणी. घर साफ करताना चार दिवस चिखलात. झोप नाही. अॅझाथायोप्रिनच्या गोळ्या घरातच राहिल्या होत्या, त्या आठवडाभर चुकल्या, हे मी तोपर्यंत कुणाला सांगितलंच नव्हतं, स्वतःलाही नाही. कागदावर सात ओळी झाल्या. कंपनी ही त्यातली एक.

'आता यातली कुठली, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही,' ते म्हणाले. 'शौचाची तपासणी करू. जंतू आहेत का बघू, कॅलप्रोटेक्टिन बघू.' कॅलप्रोटेक्टिन म्हणजे आतड्याला सूज असली की शौचात वाढणारं एक प्रथिन. ते वाढलेलं निघालं, आणि जंतुसंसर्गही निघाला. संसर्गावर औषध घेतलं, इंजेक्शन तेच, त्याच नव्या कंपनीचं, चालू ठेवलं. दिवाळीपर्यंत पोट शांत झालं. डिसेंबरात कॅलप्रोटेक्टिन पुन्हा पाहिलं, उतरलं होतं.

मी त्या औषधावर आळ घेतला होता.

त्याच सुमारास मी नॉर्वेतला एक अभ्यास वाचला. नाव नॉर-स्विच. सरकारी पैशानं झालेला, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. जवळजवळ ४८० पेशंट, सगळे मूळ इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिरावलेले. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना मूळ औषधावरच ठेवलं, निम्म्यांना सीटी-पी१३ या बायोसिमिलरवर नेलं. कुणाला काय मिळतंय हे ना पेशंटला ठाऊक ना डॉक्टरला. ५२ आठवड्यांनी बदललेल्यांपैकी ३० टक्क्यांचं दुखणं वाढलेलं होतं, न बदललेल्यांपैकी २६ टक्क्यांचं. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेच्या आत होता.

बहुतेक लोक ३० आणि २६ यांमधलं अंतर बघतात. मी त्या २६ वर थांबले, आणि अजूनही थांबते. काहीही न बदलता, तेच औषध, तोच डोस, तरी वर्षभरात शंभरातल्या २६ जणांचं दुखणं उलटलं. हा आजारच असा आहे. तो येतो आणि जातो, कारण असो वा नसो. त्या २६ जणांना त्या वर्षी नवीन खोकं दिलं असतं तर त्यांनी शपथेवर सांगितलं असतं की खोक्यानं केलं.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. त्या अभ्यासात सहा आजार होते, आणि क्रोन्सचे पेशंट वेगळे काढले तर आकडे अंगावर येतात: न बदललेल्यांत सुमारे २१ टक्के, बदललेल्यांत सुमारे ३६. ते वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. डॉक्टरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, 'क्रोन्सचे १५५ जणच होते, एका आजाराचा निकाल लावायला हा अभ्यास मांडलेलाच नव्हता. पुढचा भाग वाचा.' पुढच्या २६ आठवड्यांत सगळ्यांनाच बायोसिमिलर दिलं. आधीपासून त्यावर असलेल्यांत सुमारे १७ टक्क्यांचं दुखणं वाढलं, नव्यानं बदललेल्यांत सुमारे १२ टक्क्यांचं. म्हणजे ती भीती टिकली नाही. मला मात्र हे आवडलं, की दोन्ही आकडे छापले गेले आणि मला कुणी लपवून ठेवले नाहीत.

पण एक गोष्ट मनात राहिली. हा सगळा अभ्यास मूळ औषधावरून बायोसिमिलरवर जाण्याचा. मी मूळ औषधाचं खोकं कधी हातातही घेतलेलं नाही. माझी उडी एका बायोसिमिलरवरून दुसऱ्यावर, आणि पुढे तिसऱ्यावर. दोन्ही मुलींचं रूप आईशी जुळतं, म्हणून त्या एकमेकींशी किती जुळतात? युरोपातल्या क्रोन्स आणि कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या सुजेच्या) तज्ज्ञांची संघटना, एको, २०१७ सालीही म्हणत होती की मूळवरून बायोसिमिलरवर जायला हरकत नाही, पण बायोसिमिलर ते बायोसिमिलर आणि पुन्हा पुन्हा बदल यांबद्दल पुरावा अपुरा आहे. नंतर तिकडच्या दवाखान्यांतून दोन-दोन वेळा बदललेल्या पेशंटच्या नोंदी आल्या, त्यांत काही वावगं निघालं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं स्पष्ट सांगितलं, एकाच मूळ औषधाची बायोसिमिलरं आपापसातही बदलता येतात. ते वाचून मला बरं वाटलं. मात्र तिकडच्या नोंदी तिकडच्या कंपन्यांच्या. आपल्या काउंटरवर ज्या उड्या रोज होतात त्यांच्या नोंदी कोण ठेवतं? लाखो रुपयांचं औषध आपल्याकडे बहुतेक जण खिशातून घेतात. कंपनीची 'दोनावर एक फुकट' योजना संपली की बदल, स्टॉकिस्टकडे माल नाही की बदल, आठशे रुपये स्वस्त मिळालं की बदल. हे अनुभवाचं प्रचंड भांडार आहे आणि ते मेडिकलच्या बिलांवर पुसट होत चाललं आहे.

२०१९ सालीच, माझ्या पुराच्या आसपास, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं सरकारी खर्चानं बायोलॉजिक घेणाऱ्यांना बायोसिमिलरवर न्यायचं ठरवलं. मे महिन्यात घोषणा झाली, क्रोन्स आणि कोलायटिसवाल्यांची पाळी सप्टेंबरात आली, आणि त्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली: डॉक्टरांना भेटा, बोला, मग बदला. तिथल्या पेशंटनाही ते रुचलं नव्हतं, सक्ती कुणाला रुचते? तरी सहा महिने! मला चिखलात उभं राहून अर्धा मिनिट मिळाला होता. पुराला माझी तक्रार नाही. पण २०२२ मध्ये दुसऱ्यांदा कंपनी बदलली तेव्हा पूर नव्हता. घरपोच आलेल्या खोक्यावर वेगळं नाव होतं, एवढंच. फोन केल्यावर पलीकडची मुलगी म्हणाली, 'मॅडम, सेमच आहे.' ती खोटं बोलत नव्हती. पण मला एक दिवस आधी फोन आला असता तर मी शौचाची तपासणी करून घेतली असती, म्हणजे पुढे काही झालं तर कुठून सुरू झालं हे कळलं असतं. मी ते इंजेक्शन तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून आधी तपासणी करून घेतली. मग टोचलं. काही झालं नाही.

दवाखान्यात एक पंचविशीतला मुलगा भेटतो, साताऱ्याकडचा, इन्फ्लिक्सिमॅबवर होता. पैसे जमतील तसे डोस घ्यायचा, मध्ये चार-चार महिने सुटायचे. औषध लागू पडेनासं झालं. त्याला आशा होती की कंपनी बदलली की पुन्हा लागू पडेल. डॉक्टरांनी त्याला समजावलं: शरीरानं त्या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत, ती दुसऱ्या कंपनीचं इन्फ्लिक्सिमॅबही ओळखतात. आता औषधच वेगळं लागेल. तो निराश झाला. मी त्याच्या शेजारी बसून विचार करत होते, दोन औषधं सारखी आहेत याची याहून पक्की साक्ष कुठली? त्याच्या रक्ताला त्यांच्यात फरक दिसला नाही. आणि त्याचं नुकसान कंपनी बदलून झालं नव्हतं, सुटलेल्या डोसांनी झालं होतं. स्वस्त खोकं मिळालं म्हणून त्यानं ते वेळेवर घेतलं असतं तर मी त्याला दहा वेळा कंपनी बदल म्हटलं असतं.

डॉक्टरांच्या त्या उभ्या रेघेच्या कागदापासून मी एक वही केली आहे. दोनशे पानी, शाळेत मुलांना देतो तसली. प्रत्येक इंजेक्शनला एक पान. खोक्याचा बॅच नंबर असलेला तुकडा कापून चिकटवते, तारीख, कंपनी, कुठे टोचलं, डोसाला उशीर झाला का, आणि खाली आदल्या पंधरवड्याच्या दोन ओळी. त्यात कॅलप्रोटेक्टिनचे आकडे आहेत, लग्नकार्यात खाल्लेल्या मिरचीच्या भज्यांचीही नोंद आहे. डॉक्टर आता माझ्याआधी वही मागतात.

मागच्या रविवारी रात्री एका बाईंचा फोन आला. जतजवळच्या गावातून. कुणाकडून तरी नंबर मिळाला होता. मुलीला कोलायटिस आहे, बारावीला आहे, यावेळी इंजेक्शन दुसऱ्या कंपनीचं आलं आणि चार दिवसांत रक्त पडायला लागलं. 'आम्ही फसलो का हो ताई?' त्या विचारत होत्या.

मी म्हटलं, उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टरांना कळवा, रक्त आहे म्हणून थांबू नका. मग विचारलं, आधीचा डोस कधी झाला होता? मध्ये कधी सुटला होता? दुसरी कुठली गोळी, दुखण्यावरची वगैरे, घेतली का? त्या थांबल्या. डोकं दुखत होतं म्हणून पोरगी परीक्षेच्या काळात वेदनाशामक गोळ्या खात होती, रोज, दोन आठवडे. असल्या गोळ्यांनी कोलायटिस भडकू शकतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

'खोकं टाकून दिलं का?'

'नाही, आहे. कचऱ्याच्या बादलीजवळच ठेवलंय.'

'घेऊन या. त्याच्यावर बॅच नंबर असेल, बारीक अक्षरात. मला वाचून दाखवा.'

त्यांनी फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग कुणाला तरी चष्मा आणायला सांगितलेलं ऐकू आलं. मी वहीचं मागचं कोरं पान उघडलं, मधोमध उभी रेघ मारली आणि पेन धरून थांबले.